लाफ्रॉइग, ग्लेनफार्क्लास आणि पॉल जॉन : पावसाळ्यापासूनचा अनुभव

परवा नवी बाटली उघडताना बूच मधोमध मोडलं आणि अर्धं आत पडलं. एवढे पैसे मोजलेल्या माल्ट व्हिस्कीचं बूच भुसभुशीत निघतंच कसं? दुकानदाराने हात वर केले. अख्खी बाटली चहाच्या गाळणीने गाळावी लागली. बाटली उभीच होती हो! वाइनसारखी आडवी ठेवली तर कडक अल्कोहोल बूच खातो, हे ठाऊक आहे. आता रिकाम्या बाटल्यांची चांगली बुचं जपून ठेवतोय. तुम्हीही ठेवा.

आता चव. ग्लेनफार्क्लास स्कॉटलंडमधल्या स्पेसाइड भागातली, शेरीच्या (स्पेनच्या कडक वाइनच्या) पिंपात मुरलेली. मनुका, सुकं अंजीर, शेवटी किंचित तुरट. पहिल्या घोटापासून आवडली, तिच्याबद्दल तक्रार नाही.

लाफ्रॉइग स्कॉटलंडच्याच आयला बेटावरची. सुरुवातीला आयोडीनचा वास इतका अंगावर आला की "घेऊ नका" असंच लिहिलं असतं. पण बाटली अर्ध्यावर आल्यावर, चार थेंब पाणी घालून प्यायलो, तेव्हा धुरामागचा गोडवा लागला. आता थंडीत हीच आधी आठवते.

मात्र प्रदेशाचं नाव वाचून बाटली उचलू नका. स्कॉचच्या २००९च्या नियमांत पाच प्रदेश आहेत, पण ते नकाशापुरते. चवीची हमी त्यात नाही. धूर येतो तो माल्ट, म्हणजे मोड आणलेलं सातू, वाळवताना जाळलेल्या पीटमुळे (दलदलीत कुजलेल्या झाडपाल्याची माती). त्याच आयलावरच्या बुनाहाब्हेनची बरीचशी व्हिस्की बिनधुराची, तर स्पेसाइडची बेनरियाक धुराचीही काढते. लेबलवर फिनॉलचा (धुराचा वास देणाऱ्या रसायनाचा) पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती भाग, असा आकडा असला तर तो माल्टचा असतो. व्हिस्कीत त्यातला बराच कमी उतरतो. पीट आहे का, पिंप बर्बनचं (अमेरिकी व्हिस्कीचं) की शेरीचं, अल्कोहोल किती, एवढं बघा.

पॉल जॉन ब्रिलियन्स गोव्यातल्या कुंकळ्ळीची, बिनपीटची. मध, थोडा मसाला. लेबलवर वय नाही म्हणून नाक मुरडू नका. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. गोव्याच्या उकाड्यात त्याहून कितीतरी जास्त, आणि मुरतेही लवकर. अल्कोहोल ४६ टक्के आहे, चिल फिल्टर केलेली (थंड करून गाळलेली) नाही. बर्फ घातल्यावर गढुळली तर तो दोष नव्हे.

धुराची चव आवडेल की नाही याची खात्री नसेल, तर लाफ्रॉइगवर एकदम पैसे घालू नका. पॉल जॉनचीच 'एडिटेड' नावाची आधी घ्या. तिच्यात पीट थोडाच आहे आणि खिशालाही परवडते.