पाच वर्षांनी पुन्हा त्याच तलावात : क्रूझच्या नोकरीआधीचे सुरक्षा प्रशिक्षण

क्रूझ जहाजावर वेटर, कुक किंवा हाउसकीपिंगच्या कामाला जाणाऱ्या माणसालाही पाण्यातून आणि आगीतून जीव कसा वाचवायचा हे आधी शिकून घ्यावे लागते. एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या 1978 च्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरवून दिलेले हे मूलभूत प्रशिक्षण नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतच घ्यावे लागते, आणि त्यातील जलसुरक्षा व अग्निशमन या दोन विषयांची दर पाच वर्षांनी उजळणी करावी लागते. नवी मुंबईतील ज्या संस्थेत मी हे प्रशिक्षण घेतले, तिथेच गेल्या महिन्यात उजळणीसाठी पुन्हा गेलो. मधल्या काळात भोजन विभागात माझी पाच कॉन्ट्रॅक्ट झाली असल्यामुळे, पहिल्या वेळी जे निव्वळ प्रमाणपत्रापुरते वाटले होते त्याची खरी किंमत आता सांगता येईल.

संस्थेचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे तिचा तलाव आणि तिथे शिकवणारे निवृत्त बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. लाइफजॅकेट घातल्यावर एका हाताने नाक-तोंड झाकून, दुसऱ्या हाताने जॅकेट खाली दाबून, नजर समोर ठेवून उंचावरून उडी मारायची, ही कृती पुस्तकात चार ओळींची असली तरी फळीवर उभे राहिल्यावर पाय उचलत नाहीत. मालवणात लहानपणापासून पोहणाऱ्या मला त्या उडीचे विशेष काही वाटले नाही. परंतु पहिल्या वेळच्या आमच्या तुकडीत विदर्भातला एक मुलगा होता, ज्याने त्याआधी गळ्यापर्यंतच्या पाण्यात कधी पाऊलही टाकले नव्हते. बोसन त्याच्यावर ओरडले नाहीत, त्याला ढकललेही नाही. सगळ्यांचे आटोपल्यावर त्याला एकट्याला थांबवून घेऊन त्यांनी तिसऱ्या प्रयत्नात त्याच्याकडून उडी मारून घेतली. उलटा पडलेला तराफा वाऱ्याची दिशा पाहून सरळ करणे, थंड पाण्यात गुडघे छातीशी घेऊन अंगातील उष्णता राखणे, एकमेकांना धरून घोळक्याने तरंगत राहणे, हे सर्व प्रत्येकाकडून करून घेतले जाते. काही संस्थांमध्ये एकाने करायचे आणि बाकीच्यांनी काठावरून पाहायचे असा प्रकार चालतो, असे जहाजावरच्या सहकाऱ्यांकडून ऐकले आहे. या संस्थेत तसे होत नाही. तराफा मात्र पाच वर्षांपूर्वीचाच आहे, आणि त्याच्या छताला तेव्हा असलेली फाट आता हातभर वाढली आहे.

अग्निशमनाचा भागही चांगला आहे. पाठीवर श्वसनयंत्र बांधून अंधाऱ्या, धुराने भरलेल्या खोलीत भिंत न सोडता, हाताच्या पाठीने चाचपत पुढे सरकायचे आणि पुतळा शोधून बाहेर आणायचा, ही कसरत उजळणीत मला पहिल्या वेळेपेक्षा अवघड गेली. वयाने आणि जहाजावरच्या जेवणाने आपले काम केले असावे. तेलाला लागलेल्या आगीवर पाणी का मारू नये हे मात्र गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, वावरणाऱ्या माणसाच्या कायमचे लक्षात राहील अशा पद्धतीने, प्रत्यक्ष आग पेटवून दाखवले जाते. प्रथमोपचाराचे वर्ग ठीक आहेत, त्यांबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

खरी तक्रार वैयक्तिक सुरक्षितता आणि सामाजिक जबाबदारी या विषयाविषयी आहे. शिकवणारे कॅप्टन मालवाहू जहाजांवरून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांची सगळी उदाहरणे इंजिन रूमची आणि डेकवरची. क्रूझवर बहुसंख्य कर्मचारी हॉटेल विभागातले असतात आणि संकटसमयी प्रवाशांना जिने दाखवण्याचे, मोजण्याचे, बोटीपर्यंत नेण्याचे काम बहुतांशी त्यांनाच करावे लागते. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या किनाऱ्यालगत कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळून कलंडले, तेव्हा बळी पडलेल्या 32 जणांत मुंबईजवळचा एक वेटरही होता. प्रवाशांची मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचे याची रंगीत तालीम, जहाज निघण्याआधी किंवा निघताच घेण्याचा नियम त्या अपघातानंतरच कडक झाला. आमच्या तुकडीतील बहुतेक मुले क्रूझवर जाणार होती, तरी या घटनेचा वर्गात उल्लेखसुद्धा झाला नाही.

विश्रांतीच्या तासांचा विषयही असाच पाच मिनिटांत उरकला गेला. 24 तासांत किमान 10 आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती, ती फार तर दोन भागांत, त्यांतील एक भाग किमान सहा तासांचा, हा नियम फळ्यावर लिहून झाला की पुढचा विषय. प्रत्यक्षात दिवस कसा जातो, हे कोणी सांगत नाही. सकाळी सहाला नाश्त्याची मांडणी, दुपारी जेवणाची पंगत, मधे जेमतेम दोन-अडीच तास, मग रात्री साडेदहा-अकरापर्यंत डिनर, आणि सात-आठ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पूर्ण सुटीचा एकही वार नाही. हे आधी कळले असते तर मी गेलोच नसतो असे नाही, पण पहिल्या महिन्यात आईला फोनवर जे रडगाणे ऐकवले ते टळले असते. अमेरिकी बंदरांत होणाऱ्या आरोग्य तपासणीविषयीही, जिथे 100 पैकी 85 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास आणि जिच्या धास्तीने सगळी गॅली घासूनपुसून लख्ख होते, इथे चकार शब्द निघत नाही. अभ्यासक्रमात ती नाही हे मान्य. परंतु तासाभराचे जादा व्याख्यान ठेवायला कोणाची आडकाठी नसावी.

फाटकाबाहेर उभ्या असणाऱ्या एजंटांपासून नव्या मुलांनी सावध राहावे. संस्थेचा त्यांच्याशी संबंध असल्याचे मला कधी दिसले नाही, पण त्यांना हुसकावणारेही कोणी दिसले नाही. 2006 च्या समुद्री कामगार करारानुसार नोकरी मिळवून देण्याचे शुल्क उमेदवाराकडून घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, सीडीसी (खलाशाची नोंदपुस्तिका) आणि पासपोर्ट यांचा खर्च आपला, व्हिसाचा मात्र जहाजमालकाचा. भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशांच्या भरतीचा सरकारी परवाना आहे की नाही, हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरील यादीत पाहता येते. आमच्या वेळी दोघांनी अशा माणसाला पैसे दिले होते, आणि त्यांपैकी एकजण अजून जॉइनिंगची वाट पाहतो आहे.

शुल्क आसपासच्या संस्थांपेक्षा थोडे अधिक आहे, वसतिगृह स्वच्छ आहे, उपाहारगृहातील डाळ दोन्ही वेळा पातळच होती. तलावासाठी आणि धुराच्या खोलीसाठी मी धाकट्या चुलतभावाला इथेच पाठवणार आहे; कॅप्टन साहेबांच्या वर्गात जे राहून जाते ते त्याला घरी मी सांगेन. जाताना स्वतःचा टॉवेल आणि कपड्यांचा दुसरा जोड न्यावा, कारण तलावानंतर लगेच वर्ग असतो आणि वर्गातला एसी फारच थंड असतो.