शवपेटीतल्या १३१ डिस्क आणि जोन बेनेट

"ही बाई उंबऱ्याबाहेर का जात नाही गं?"

आईला इंग्रजी येत नाही. सांगलीहून सहा महिन्यांसाठी ती आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. रात्रीची जेवणं आटोपली की मी 'डार्क शॅडोज'ची डिस्क लावायची आणि ती विणकाम घेऊन शेजारी बसायची. चौथ्या-पाचव्या दिवशीच तिने हे हेरलं. घरची मालकीण दारापर्यंत येते, आल्यागेल्याला आत घेते, निरोप देते, आणि पावलं तिथेच थांबतात. कथेत ती अठरा वर्षं वाड्याबाहेर पडलेली नाही. एक शब्द न कळता आईला ते कळलं, आणि तेव्हापासून मी या संचाकडे ही मालकीण झालेल्या जोन बेनेटचा संच म्हणूनच बघते.

संचाबद्दल आधी सांगते, कारण घेणाऱ्याला तेच हवं असतं. 'डार्क शॅडोज' ही एबीसी वाहिनीवरची रोज दुपारची मालिका. २७ जून १९६६ ला सुरू झाली, २ एप्रिल १९७१ ला संपली. भाग १२२५. एमपीआय कंपनीने २०१२ मध्ये ते सगळे १३१ डिस्कवर, शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात काढले. बघायला साडेचारशे तासांहून जास्त वेळ लागतो. मला दीड वर्ष लागलं.

मी वापरलेला संच घेतला. विकणाऱ्याने सगळ्या डिस्क तपासल्याचं लिहिलं होतं. घरी आल्यावर दोन डिस्कवर इतके चरे निघाले की चित्र जागच्या जागी गोठायचं, आणि एका केसमध्ये एकच डिस्क दोनदा. तीन आठवडे पत्रव्यवहार केला तेव्हा थोडे पैसे परत आले. डिस्क मला वेगळ्या मिळवाव्या लागल्या. म्हणून सांगते, जुना संच घेतलात तर पहिल्याच आठवड्यात १३१ च्या १३१ मोजा, आणि निदान प्रत्येक केसमधली एक तरी लावून बघा.

मात्र भागांचे क्रमांक मोजून घाबरू नका. शेवटच्या भागावर १२४५ आकडा आहे. ज्या दिवशी बातम्यांमुळे किंवा सुट्टीमुळे मालिका दाखवली नाही, त्या दिवसाचा क्रमांक तसाच सोडून दिला जायचा. खरा हरवलेला भाग एकच, १२१९ वा. एका प्रेक्षकाने घरी करून ठेवलेल्या ध्वनिमुद्रणावर स्थिरचित्रं जोडून तो उभा केलाय. काही भागांची मूळ टेपच उरलेली नाही, त्यामुळे रंगीत भागांच्या मधेच एखादा काळापांढरा, धूसर भाग येतो. तो पडद्यावरून फिल्मवर उतरवलेल्या प्रतीवरून घेतलाय. टीव्ही बिघडला असं समजू नका.

आता माझ्या मनातलं. बहुतेक लोक ही मालिका बार्नाबस कॉलिन्स या रक्तपिपासू पात्रासाठी घेतात. तो २११ व्या भागात वाड्यात येतो. सुट्या डिस्क निघाल्या तेव्हा कंपनीनेही पहिला संच २१० व्या भागापासूनच काढला, आधीचे भाग नंतर आले. आजही सगळे सल्ला देतात की तिथूनच सुरुवात करा. माझं कळकळीचं सांगणं आहे, असं करू नका. पहिल्या दोनशे भागांत भुतंखेतं कमी आहेत, गती संथ आहे, पण जोन बेनेट तिथे आहे. तिची एलिझाबेथ स्टॉडर्ड तिथे हळूहळू उभी राहते. तळघरात एक कुलूपबंद खोली. आपण नवऱ्याला मारलं आणि तो तिथे पुरलाय, या समजुतीत ही बाई जगतेय. मग हे गुपित माहीत असलेला जेसन मॅग्वायर येतो, तिला धमकावून पैसे उकळतो आणि शेवटी लग्नच लाव म्हणतो.

२७० व्या भागाच्या आसपास ते लग्न आहे. वाड्याच्या दिवाणखान्यात जज उभे, घरची माणसं उभी. कॅमेरा एलिझाबेथच्या चेहऱ्याजवळ जातो. होकार द्यायची वेळ येते. ती जेसनकडे बघत नाही, समोरही बघत नाही. ओठ उघडतात, मिटतात. आणि मग सगळ्यांसमोर ती सांगून टाकते की पॉल स्टॉडर्डला मी मारलं. आवाज चढवत नाही. अठरा वर्षांचं ओझं खाली ठेवताना माणूस जसा दमलेला बोलेल, तसं बोलते. आईच्या सुया थांबल्या. "बोलली बाई एकदाची," एवढंच म्हणाली. आणि तळघरातली पेटी उघडल्यावर आत प्रेत नाहीच! जेसनने तिला फसवलेलं असतं. (पुढे पॉल स्टॉडर्ड जिवंत परत येतो तेव्हा ती भूमिकाही जेसन झालेल्या डेनिस पॅट्रिकनेच केलीय. आई पहिल्या मिनिटाला ओळखून बसली.)

हा अभिनय कशात झालाय तेही लक्षात घ्या. मॅनहॅटनमधल्या स्टुडिओत रोज एक भाग. टेप कापून जोडणं महागाचं, म्हणून भाग जवळजवळ सलग चित्रित व्हायचा. चुका तशाच राहिल्या. वरून मायक्रोफोन डोकावतो, भिंती हलतात, नट वाक्यं विसरतात. जोन बेनेटही अडखळते कधीकधी. पण ती अडखळली तरी एलिझाबेथच अडखळल्यासारखी वाटते. ही सवय एका दिवसात येत नाही.

तिचा जन्म १९१० चा, आमच्या न्यू जर्सीतलाच, फोर्ट लीच्या पॅलिसेड्स भागातला. वडील रिचर्ड बेनेट रंगभूमीवरचे मोठे नट, बहीण कॉन्स्टन्स आधीच नावाजलेली. सोळाव्या वर्षी लग्न, अठरा पूर्ण व्हायच्या आठवडाभर आधी मुलगी. मग हॉलिवूडमध्ये सोनेरी केसांची गोड मुलगी म्हणून दहा वर्षं गेली. १९३८ च्या 'ट्रेड विंड्स'साठी केस काळे केले आणि चेहराच वेगळा दिसायला लागला. त्यानंतर दिग्दर्शक फ्रिट्झ लांगबरोबर चार चित्रपट. त्यातला १९४५ चा 'स्कार्लेट स्ट्रीट' जरूर बघा. सरळमार्गी माणसाला लुबाडणारी बाई तिने एक तसूभरही गोड केलेली नाही.

आणि मग १३ डिसेंबर १९५१. तिचा नवरा, निर्माता वॉल्टर वँगर, याने प्रेमप्रकरणाच्या संशयावरून तिचा एजंट जेनिंग्ज लँग याच्यावर बेव्हर्ली हिल्समधल्या गाड्यांच्या तळावर गोळ्या झाडल्या. लँग वाचला. वँगर चारेक महिने कैदेत राहिला आणि सुटल्यावर पुन्हा चित्रपट काढू लागला. जोनने गोळी झाडली नव्हती, पण सिनेमाची कामं आटली ती तिची. हे वाचल्यावर मी संगणक बंद करून बराच वेळ नुसती बसले होते. ज्याने गुन्हा केला तो कामावर परत आणि बाईच्या तोंडावर दार बंद, हे मला अजूनही पचलेलं नाही.

नाटकं करत, टीव्हीवर मिळेल ते करत ती छप्पन्नाव्या वर्षी या दुपारच्या मालिकेत आली. कलाकारांत मोठं नाव तिचंच, श्रेयनामावलीत पहिलीही तीच. आणि मग बदनामीच्या भीतीने घरात कोंडून घेतलेली बाई तिने पाच वर्षं उभी केली. मालिका भूतकाळात जाते तेव्हा हेच नट घराण्यातल्या पूर्वजांच्या भूमिका करतात. १७९५ च्या कथानकात ती नेओमी होते, मुलाचं, म्हणजे बार्नाबसचं, खरं रूप कळल्यावर विष घेणारी आई. १८९७ च्या कथानकात जुडिथ. वेड्यांच्या इस्पितळातून परतलेली जुडिथ दगाबाज नवऱ्याला खोलीत जिवंत चिणते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून आई खुर्चीत पुढे सरकली होती.

संच संपल्यावर दारिओ अर्जेंतोचा १९७७ चा 'सस्पीरिया' लावा. चित्रपटगृहासाठी केलेलं तिचं हे शेवटचं काम. नृत्यशाळेची उपमुख्याध्यापिका मादाम ब्लांक, ताठ मानेची, हसतमुख, आणि त्या हसण्यानेच अंगावर काटा येतो. यासाठी तिला सॅटर्न या भयपट-विज्ञानपटांसाठीच्या पुरस्काराचं नामांकन होतं. आईला हा दाखवला नाही, रक्त फार आहे. ७ डिसेंबर १९९० ला स्कार्सडेलमध्ये जोन गेली. आमच्या घरापासून ते गाव तासाभरावर आहे.

डिस्कची स्थिती धरून पाचपैकी चार तारे देते. नवाकोरा संच मिळाला तर पाच. आई परत गेली तेव्हा आम्ही ९०० व्या भागाच्या आसपास होतो. आता रविवारी फोनवर बोलताना ती एलिझाबेथचं विचारते, आणि पुढच्या भागांची गोष्ट मी तिला मराठीत सांगते.