रिकॉलची वाट बघताना: चार्टर की सिम्युलेटर?

एअरलाईनने पायलटला बिनपगारी घरी बसवलं, म्हणजे फर्लोचं पत्र हातात पडलं, की पहिले दोन आठवडे सगळे एकच काम करतात, सीनियॉरिटी लिस्ट (आधी लागलेला आधी परत, अशी यादी) उघडायची, आपल्या वर किती जण बाहेर आहेत ते मोजायचं, आणि आकडा आवडला नाही की परत मोजायचं. ते करून थकलात की खरा प्रश्न येतो, रिकॉल, म्हणजे कंपनीचं परत बोलावणं, येईपर्यंत करायचं काय. इथे अमेरिकेत आपल्यातल्याच तीन-चार पोरांनी मला हे विचारलं आणि सगळ्यांसमोर तेच दोन पर्याय होते, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. एक म्हणजे चार्टर (भाड्याचं विमान) किंवा फ्रॅक्शनलवाल्यांकडे (एका जेटचे अनेक वाटेकरी) बिझनेस जेट उडवायचं, दुसरा म्हणजे सिम्युलेटर सेंटरला, जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये पायलटना शिकवतात तिथे, इन्स्ट्रक्टर व्हायचं. मी दोन्ही केलंय, आधी चार्टर, मग सिम, आणि अजून सिमलाच आहे कारण रिकॉल काही आलेला नाही. त्यामुळे पारडं कुठे झुकणार ते तुम्हाला कळलंच असेल, तरी जमेल तेवढं दोन्हीकडून बोलतो.

भारतात परत जायचा विषय आधी संपवतो, कारण तो प्रत्येकाच्या घरून येतोच. आई-बाबा म्हणणारच की अरे इकडे इंडिगो, एअर इंडिया एवढी विमानं घेतायत आणि तू तिकडे घरी बसलायस. पण हातात अमेरिकन पासपोर्ट असेल तर तिथे तुम्ही परदेशी पायलट, मग एफएटीएची, म्हणजे परदेशी पायलटची तात्पुरती, परवानगी काढा, आणि भारतीय पासपोर्ट असेल तर लायसन्स कन्व्हर्जन, डीजीसीएचे, म्हणजे तिथल्या विमान नियामकाचे, पेपर, त्यांचं क्लास वन मेडिकल. एवढं सगळं करून नोकरी लागली तरी २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला १ वर्षाचा नोटीस पिरियड आणि फर्स्ट ऑफिसरला ६ महिन्यांचा. इकडे रिकॉल आला की हजर व्हायला मिळतात काही आठवडे. कसं जमवणार? गल्फ, व्हिएतनामच्या काँट्रॅक्टचं थोड्याफार फरकाने तेच, आणि मुलं इथे शाळेत असतील तर त्या वाटेला मी तरी गेलो नाही.

आता रिकॉल किती दिवसांत येतो यावर सगळं अवलंबून आणि नेमकं तेच कोणी सांगू शकत नाही. १ ऑक्टोबर २०२० ला अमेरिकन एअरलाईन्सने साधारण १,६०० पायलट फर्लो केले, डिसेंबरअखेर सरकारने पगाराची मदत परत सुरू केली आणि मंडळी पे-रोलवर आली पण. तीन महिन्यांत विषय संपला. उलट सप्टेंबर २००१ नंतर घरी बसलेल्यांपैकी काही जण दहा-दहा वर्षं लिस्टवर लटकलेले होते. मध्येच डिसेंबर २००७ मध्ये रिटायरमेंटचं वय ६० चं ६५ केलं, म्हणजे वरचे लोक जायचेच बंद झाले, आणि पाठोपाठ २००८ ची मंदी आली, त्यात युनायटेडने १,४३७ जण बाहेर काढले, त्यातल्या कितीतरी जणांची तर ती दुसरी खेप होती. अलीकडचं स्पिरिट एअरलाईन्सचं बघा, सप्टेंबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने फर्लो, नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅप्टर ११ (कोर्टाच्या संरक्षणाखालची दिवाळखोरी) आणि ऑगस्ट २०२५ मध्ये परत चॅप्टर ११. आणि आपल्याकडे जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली, परत सुरू होणार, परत सुरू होणार म्हणत शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने लिक्विडेशनचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळायचा, आदेश दिला. तेव्हा "चार-सहा महिने काय, कुठेही काढू" या हिशोबाने नोकरी धरू नका, चार-पाच वर्षं निघतील अशी धरा.

चार्टरचं चांगलं आधी सांगतो, कारण चांगलं खरंच खूप आहे. तिथे तुम्ही पायलटच असता. लॉगबुकात तास पडतात, नवीन टाईप रेटिंग (त्या जातीचं विमान उडवायचा परवाना) मिळतं, आणि एअरलाईनमध्ये जन्मात गेला नसतात अशा ठिकाणी जाता. कोलोरॅडोतल्या ॲस्पेनला चारी बाजूंनी डोंगर, एकच रनवे, जेट एका दिशेने उतरवायचं आणि निघताना उलट दिशेने टेकऑफ करायचं, तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा एअरबस ए३२० चा ऑटोपायलट लावून फोर्ट लॉडरडेल-नेवार्क करणं म्हणजे काय आरामाची नोकरी होती ते कळलं. बॅगा उचला, बर्फ भरा, कॉफी बनवा, लँडिंगनंतर केबिनमध्ये व्हॅक्यूम मारा हे सगळं असतं, त्यावरून बरेच जण नाकं मुरडतात, मला काही वाटलं नाही. घरी करतोच की आपण. पगारही माझ्या बाबतीत सिमपेक्षा बरा होता.

मला जे झेपलं नाही ते म्हणजे फोन.

ज्यांनी केलं नाही त्यांना हे पटणार नाही, कारण एअरलाईनमध्येही रिझर्व्ह (बोलावलं तर यायची ड्युटी) असतोच, फोन तिथेही वाजतो. पण रिझर्व्हला निदान तुम्ही आपल्या बेसला, आपल्या क्रॅशपॅडमध्ये (क्रूच्या भाड्याच्या खोलीत) असता आणि येऊन येऊन किती प्रकारचा फोन येईल ते माहीत असतं. चार्टरच्या टूरवर तुम्ही विचिटाच्या कुठल्यातरी हॉटेलात युनिफॉर्म इस्त्री करून बसलेले, ड्युटी १४ तासांपर्यंत ताणता येते, आणि ॲपवर उद्याच्या रकान्यात काहीच नाही. सकाळी साडेसातला टिंग, न्यूयॉर्कजवळच्या टीटरबोरोची ट्रिप, धावत बॅग भरा. खाली लॉबीत पोचेपर्यंत टिंग, ट्रिप रद्द. परत वर जा. शर्ट काढू की नको? जेवायला बाहेर जाऊ की नको? दुपारी झोपू की नको, कारण रात्री उडवायला सांगितलं तर झोप हवी आणि झोपलो आणि फोन चुकला तर पंचाईत. एकदा लाँड्रीच्या मशीनमध्ये सगळे कपडे ओले असताना ट्रिप आली, ओल्या मोज्यांवर बूट चढवून गेलो, आणि तिथे प्रवाशांचं जेवण लांबलं म्हणून रॅम्पवर तीन तास उभे. बरं यात कंपनीची चूक म्हणावी तर तसंही नाही, धंदाच तो आहे, पैसेवाला माणूस त्याला पाहिजे तेव्हा निघता यावं म्हणूनच तर पैसे देतो.

हे मी एरवी सहनही केलं असतं. पण फर्लोवरचा माणूस आधीच एका फोनची वाट बघत असतो ना. अनोळखी नंबर दिसला की पोटात गोळा येतो, युनियनवाला असेल, क्रू प्लॅनिंग असेल, रिकॉलचं काहीतरी असेल. आणि उचलला की पलीकडे चार्टरचा शेड्युलर, "हाय, आर यू फिट टू फ्लाय?" स्थळाकडून निरोप यायचाय म्हणून फोनपाशी बसलेल्या मुलीच्या बापासारखी अवस्था आणि दर वेळी राँग नंबर. घरी असायचो त्या आठवड्यात सुद्धा फोन उलटा ठेवायची सोय नाही. बायको एकदा म्हणाली, तू इथे असतोस तेव्हा पण नसतोसच. वाट बघणं हाच मुळात फर्लोचा त्रास, त्यात नोकरी पण वाट बघायचीच घेतली तर माणूस चिडचिडा होतो, निदान मी झालो.

सिमचं रोस्टर महिना आधी लागतं. संपलं. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला, बाकीचं सगळं नंतरचं.

आता सिम म्हणजे काही सुख नाही हेही सांगतो. मशीन महाग असतं त्यामुळे ते रिकामं ठेवत नाहीत, जवळजवळ चोवीस तास स्लॉट चालतात, आणि नवीन इन्स्ट्रक्टरच्या वाट्याला रात्री दोन ते सहा येतो. आमचं सेंटर मायामी एअरपोर्टच्या जवळ आहे, रात्री साडेबाराला पोळीभाजीचा डबा घेऊन निघायचं, त्याआधी ब्रीफिंग, सकाळी डीब्रीफिंग, आणि लोक ऑफिसला निघतात तेव्हा आपण उलट्या दिशेने घरी. बाहेर फ्लोरिडाचा घामटा उकाडा आणि आत कॉम्प्युटरसाठी एसी इतका की मी कायम स्वेटर घालून बसतो. आणि तेच तेच. व्ही-वन (ज्या वेगानंतर टेकऑफ सोडता येत नाही तो) झाल्या झाल्या इंजिन बंद करायचं, समोरचा काय करतो बघायचं, परत रनवेवर ठेवायचं, परत बंद करायचं.

पण त्यातच मजा पण आहे. परवाच दक्षिण अमेरिकेतल्या एका एअरलाईनचा पोरगा होता, हुशार, सगळे आकडे पाठ, पण इंजिन गेलं की दर वेळी पाय चुकीच्या रडरवर. तीन वेळा विमान रनवेच्या बाहेर. चौथ्यांदा मी मध्येच फ्रीझ केलं, मोशन थांबली, सगळं गप्प, आणि त्याला म्हणलं समोरच्या स्क्रीनकडे बघू नकोस, आधी आपल्या पायांकडे बघ, कुठला पुढे आहे सांग. बघितलं, हसला, आणि पुढच्या वेळी सेंटरलाईन सोडली नाही पठ्ठ्याने. हे असं झालं की पहाटे चारला पण बरं वाटतं. दुसरं म्हणजे ए३२० मला आता जितकी कळते तितकी लाईनवर, म्हणजे एअरलाईनमध्ये उडवत, असताना कधीच कळली नव्हती, आल्टरनेट लॉ (विमानाच्या कॉम्प्युटरची काही संरक्षणं गेल्यावरची अवस्था) दुसऱ्याला समजवायचा म्हणजे आधी आपल्याला कळावा लागतो. कधी सीट सपोर्टला (शिकणाऱ्याच्या शेजारी दुसरा पायलट म्हणून बसायला) माणूस कमी असला की उजव्या सीटवर बसून हात पण चालवून घेतो. रिकॉल झालं की तसंही एअरलाईन परत ट्रेनिंगला पाठवणारच, तेव्हा हे फुकट जाणार नाही असं मला वाटतं.

सोबतची मंडळी पण भारी. निम्मे ६५ पूर्ण करून रिटायर झालेले कॅप्टन, काही मेडिकल गेलेले, कारण सिमला मेडिकल लागत नाही. त्यातल्या दोघांना २००१ नंतर फर्लो झालेला, आणि त्यांचा रिकॉल रखडायला जो वय ६५ चा कायदा कारण झाला त्याच कायद्याने पुढे त्यांना पाच वर्षं जास्त मिळाली, त्यामुळे शिव्या द्याव्यात की आभार मानावेत हे त्यांचं अजून ठरलेलं नाही, रोज कॉफीला तोच वाद.

पैशाचं थोडक्यात. एअरलाईनचा हेल्थ इन्शुरन्स गेल्यावर कोब्रा (तोच इन्शुरन्स स्वखर्चाने चालू ठेवायची सोय) घेता येतो, साधारण १८ महिने, पण पूर्ण प्रीमियम आणि वर २ टक्के तुमच्याच खिशातून, पहिलं बिल बघून बरेच जण मिळेल ती पहिली नोकरी धरतात. तसं करू नका, कोब्रा घ्यायचा की नाही ते ठरवायला ६० दिवसांची मुदत असते, सरकारी मार्केटप्लेसचे प्लॅन पण बघा. चार्टरला टाईप रेटिंगचा बाँड असतो, मुदतीआधी सोडलं तर राहिलेले पैसे भरा, म्हणजे रिकॉल आला तर आनंदाच्या दिवशी चेक फाडायचा. आणि काही ठिकाणी तर सीनियॉरिटी नंबर सोडल्याचं लेखी मागतात. माझ्याकडे कोणी मागितलं नाही, एका मित्राकडे मागितलं होतं, त्याने ती नोकरी सोडली आणि मला विचाराल तर बरोबर केलं, नंबर सोडायचा नाही.

तरीपण चार्टर कोणासाठी बरं ते सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. वय कमी आहे, लग्न-मुलं नाहीत, तास कमी आहेत, आणि मनातून माहीत आहे की आपली एअरलाईन काही धड नाही, दुसरीकडेच अर्ज करायचाय, तर चार्टरच करा. बहुतेक एअरलाईन गेल्या वर्षभरात खरं विमान किती उडवलं ते बघतात आणि सिमच्या खुर्चीतले तास त्यात धरत नाहीत. ही सिमची खरी कमजोरी आहे आणि तिला उत्तर नाही. मी जमेल तसं शनिवारी छोट्या विमानावर शिकवून थोडे तास टाकतो पण ते जेटचे नव्हेत. शिवाय काही लोकांना तो फोन खरंच आवडतो बरं का, आज कुठे जायचं माहीत नाही यातच त्यांना थ्रिल वाटतं, माझा चार्टरचा कॅप्टन तसाच होता, त्याला महिन्याचं रोस्टर दिलं असतं तर त्याने राजीनामा दिला असता.

परत लाईनवर जायचंच आहे आणि घरी माणसं आहेत, तर माझ्या मते सिम. अर्ज करताना पगाराआधी दोन प्रश्न विचारा, रात्रीचे स्लॉट महिन्यात किती आणि रोस्टर लागल्यावर किती वेळा बदलतं. दुसऱ्याचं उत्तर "बदलतं कधी कधी" असं गोलगोल आलं तर तिथल्याच एखाद्या इन्स्ट्रक्टरला पार्किंगमध्ये गाठून विचारा. फर्स्ट क्लास मेडिकल सिमला लागत नाही म्हणून सोडून देऊ नका, चाळिशी ओलांडली असेल तर दर ६ महिन्यांनी स्वतःच्या पैशाने करत राहा. काँट्रॅक्टमध्ये रिकॉल बायपासचं (हक्क न गमावता रिकॉल पुढे ढकलायचं) कलम आहे का, आणि रिकॉलचा हक्क किती वर्षं टिकतो, ते युनियनकडून लेखी घ्या. आणि घर बदललंत तर कंपनीकडचा पत्ता त्याच दिवशी बदला, कारण ते पत्र रजिस्टर्ड पोस्टानेही येऊ शकतं आणि उत्तराची मुदत कोणाच्या सोयीने थांबत नाही.