मशीन बंद करून ऐकायचा रेडिओ: सात महिन्यांचा अनुभव

मी जळगावात पिंप्राळ्याला ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. २०२५ च्या जुलैत, आषाढीला आमच्याकडे रथ निघतो त्याच आठवड्यात, साडेआठशे रुपयांचा एक छोटा रेडिओ आणला. कारण एवढंच की मोबाइलवर काही लावलं की हात सारखा तिकडे जातो आणि कापड दाबपट्टीखाली तसंच राहतं. रेडिओकडे बघावं लागत नाही. आणला होता गाण्यांसाठी. गाणी आता जेमतेम ऐकते, ऐकते ती बोलणी: बातम्या, चर्चा आणि फोनवरून लोकांनी विचारलेले प्रश्न.

दोन ठिकाणी काटा फिरतो. एक आपलं आकाशवाणी जळगाव, मीडियम वेव्ह, ९६३ किलोहर्ट्झ. दुसरं एफएमवरचं एक कम्युनिटी रेडिओ केंद्र (इथलीच संस्था चालवते ते), जिथे अकरा ते बारा गावचे आणि देशाचे प्रश्न घेऊन बोलतात आणि लोकांचे फोन घेतात. त्याचं नाव देत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि तिथली बरीच पोरं-पोरी जवळपास फुकटात राबतात, म्हणून.

आधी सेटचं सांगते, कारण नवीन घेणारा पहिल्या दिवशी वैतागणार. मीडियम वेव्ह माझ्या दुकानात धड लागेचना. नुसती खरखर. सेट खराब आला म्हणून परत द्यायला निघाले होते. मग लक्षात आलं, पायाखालचं पेडल दाबलं की खरखर, सोडलं की आवाज स्वच्छ. मशीनची मोटार! वरची एलईडी ट्यूबही थोडी कुरकुर करते, पण खरी गुन्हेगार मोटारच. एफएमवर हा त्रास जवळजवळ नाही. दुसरं म्हणजे एफएमसाठी बाहेरची दांडी ओढतात, पण मीडियम वेव्हचा अँटेना डब्याच्या आत आडवा असतो, त्यामुळे तिथे दांडी कितीही ओढा, फरक पडत नाही. अख्खा सेटच जागच्या जागी फिरवायचा. माझा सेट इस्त्रीच्या टेबलावर भिंतीकडे तिरपा ठेवला की लागतो. तिथे खडूने खूण केली आहे, पोरांनी हलवला तरी पुन्हा जागेवर ठेवता येतो.

म्हणून सकाळी ७.१० च्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या मी मशीन सुरू करायच्या आधी ऐकते. साडेआठच्या राष्ट्रीय बातम्या गिऱ्हाईक नसेल तर. दहा मिनिटांत महाराष्ट्र होतो, दहा मिनिटांत देश. कुणी ओरडत नाही, पाठीमागे ढोल वाजत नाहीत. टीव्हीवर चौघं एकदम बोलतात, त्यातलं मला आजवर कुणाचंच कळलेलं नाही.

पण खरा जीव रमला तो अकराच्या तासात.

तिथली एक गोष्ट मला दोन-तीन महिने कळतच नव्हती. निवेदिका कुठलीही ताजी घटना सरळ सांगायचीच नाही. ‘काल काय झालं’ हे कधी नाही, थेट ‘आता काय करायचं’ इथूनच सुरुवात. मला वाटायचं, घाबरतात. मग एकदा त्यांनीच कार्यक्रमात समजावलं. आपल्या देशात खासगी एफएम आणि कम्युनिटी रेडिओ यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात, बस. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना, आपत्तीचे इशारे, हे बातमीत धरत नाहीत, म्हणून चालतं. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं म्हटलं, २००६ पासून गावोगावच्या संस्थांना असे रेडिओ काढायची परवानगी मिळाली, पण बातमीचं दार बंदच. त्यामुळे होतं असं: वाघूर धरणाचं पाणी आमच्या भागात कोणत्या दिवशी सोडणार हे ते ठणठणीत आवाजात सांगतात. पाणी उशिरा का आलं, असा फोन आला की आवाज एकदम बारीक. ‘ताई, तुमचा मुद्दा आम्ही पोचवू.’ कुठे पोचवतात, देव जाणे.

आता कपाशीचं. माझं माहेर धरणगाव तालुक्यात, आप्पांची सहा एकर कोरडवाहू. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. ही बातमी मी ७.१० लाच ऐकली होती आणि ऐकून विसरले होते. शुल्क बंदरावर, आपण पिंप्राळ्यात. दोन दिवसांनी अकराच्या तासात एका शेतकरीभाऊंचा फोन आला, अर्धं मराठी अर्धं अहिराणी. ‘ताई, ते अकरा टक्के दिल्लीना. मना क्विंटलमा त्यानं काय हुई, तेवढं सांगा.’ निवेदिकेने कापसाच्या व्यापारातल्या एका जाणकाराला बोलावलं होतं. त्याने ‘जागतिक बाजारपेठ’ वगैरे सुरू केल्यावर तिने त्याला तिथेच अडवलं. म्हणाली, काका, क्विंटलवर या. मग तो माणूस खरंच क्विंटलवर आला. गिरणीवाल्याला बाहेरची गाठ स्वस्त पडली की तो इथल्या जिनिंगकडे, म्हणजे सरकी काढून गाठी बांधणाऱ्यांकडे, हात आखडतो. जिनिंगवाला व्यापाऱ्याकडे आखडतो आणि व्यापारी आप्पांकडे. आणि डिसेंबर म्हणजे नेमकी आपली वेचणी घरात येण्याची वेळ. पाच मिनिटांत संपलं. मी सुई हातात धरून उभीच होते.

पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच तासाचा आम्हाला रोख फायदा झाला. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला मध्यम धाग्यासाठी ७७१० आणि लांब धाग्यासाठी ८११० रुपये होता. खासगीत त्याच्या खाली मागत होते, म्हणजे सीसीआयला, सरकारी कापूस महामंडळाला, घालायचा. त्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आधी करावी लागते, हे आप्पांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही. रेडिओवर ऐकलं, दुपारी भाच्याला फोन केला, सातबारा आणि आधार घेऊन त्याने नोंदणी केली. दुसरं ओलाव्याचं. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्याच्यावर १२ पर्यंत टक्क्याला टक्का कापतात, १२ च्या पुढे माल घेतच नाहीत. लांब धाग्याच्या भावावर एक टक्का म्हणजे क्विंटलमागे ८१ रुपये. आप्पा ओलावा दाताने बघतात. सरकी दाढेखाली धरायची, ‘कट्ट’ वाजली तर माल वाळला, नुसती दबली तर ओला. मी हे फोनवर विचारलं (माझा एकमेव फोन, आवाज थरथरत होता). कृषीवाले साहेब हसले नाहीत. म्हणाले, दाताचं बरोबरच आहे, पण दात आठ आणि दहा यातला फरक सांगत नाही. दव सुकल्यावर वेचा, ताडपत्रीवर पातळ पसरून दोन उन्हं द्या आणि मग दात लावा. आप्पांनी दोन उन्हं दिली. सरकी वाजली. खरेदी केंद्रावर मीटरने साडेआठ दाखवलं.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीचंही असंच. माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या बायकांचा तोच विषय होता. नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारवर ओटीपी. एका बाईने फोन करून विचारलं, नवरा वारला, वडील त्याच्याही आधी गेले, ओटीपी कुणाच्या मोबाइलवर मागवू? स्टुडिओत शांतता. निवेदिका म्हणाली, मला उत्तर माहीत नाही, विचारून सांगते. मी मनात म्हटलं, सांगितलंस! पण तिने एका वहीत असे प्रश्न उतरवून ठेवले होते आणि दर शुक्रवारी ती वही वाचायची. हा प्रश्न तीन शुक्रवार ‘अजून उत्तर नाही’ असाच वाचला गेला. नोव्हेंबरात मुदत १८ तारखेवरून ३१ डिसेंबरपर्यंत गेली आणि अशा बायकांनी स्वतःची केवायसी करून मृत्यूचा दाखला अंगणवाडीसेविकेकडे द्यायचा असं ठरलं, तेव्हा पुढच्या शुक्रवारी तिने आधी त्या बाईचा प्रश्न वाचला आणि मग उत्तर. सात महिन्यांतलं सगळ्यात चांगलं रेडिओचं काम कुठलं म्हणाल तर ती वही.

आता तक्रारी.

साहेब लोक माहितीपत्रक वाचतात. आवाजावरून कळतं, कागद उलटल्याचा आवाजही येतो. अशा दिवशी मी सरळ गाणी लावते. ‘थेट’ म्हणून लागणारे काही भाग आदल्या दिवशीचे असतात. एकदा भर पावसात कुणीतरी ‘आज ऊन फार आहे’ म्हणालं. ध्वनिमुद्रित असेल तर तसं सांगा ना, आम्ही काय रागावणार आहोत? बायकांचे फोन लवकर कापतात, पुरुषांना बोलू देतात. हे मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण माझ्या चार गिऱ्हाईकांचंही हेच मत आहे. अहिराणीतला फोन आला की निवेदक पोरगा लगेच त्याचं शुद्ध मराठीत भाषांतर करतो. कुणासाठी करतो? ऐकणारे सगळे इथलेच. लेवा बोलीतल्या मावशींचं तर त्याने एकदा चक्क चुकीचं भाषांतर केलं, मावशींनीच त्याला दुरुस्त केलं.

आणि पल्ला. या कम्युनिटी रेडिओला १०० वॉटची मर्यादा, दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे आवाज विरतो. त्यांनी मनमाड-इंदूर रेल्वेवर अख्खा तास केला. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८ हजार ३६ कोटी, जमिनी कुणाच्या जाणार, मोबदला कसा मोजतात, सगळं नीट. पण ती गाडी धुळे, नरडाणा, शिरपूर करत जाणार, आणि त्या तिन्ही गावांत हा कार्यक्रम ऐकूच जात नाही. माझी बहीण शिरपूरला. तिला मी संध्याकाळी फोनवर तोंडी सांगितला.

निवडणुकीत मात्र भीती वाटली तसं झालं नाही. आचारसंहिता लागल्यावर कार्यक्रम मिळमिळीत होणार असं वाटलं होतं, आणि उमेदवार-पक्ष यांचं नाव खरंच निघालं नाही. त्याऐवजी त्यांनी रोज एकच गोष्ट घोटली: मतदान कसं करायचं. १५ जानेवारीला महापालिकेसाठी आमच्या प्रभागात चार मतं द्यायची होती. चारही जागांचं बटण दाबल्याशिवाय मतदान पुरं होत नाही, कुणी नको असेल तर त्या जागेला नोटा. केंद्रावर माझ्या पुढच्या आजी एक बटण दाबून बाहेर निघाल्या होत्या, साहेब मागून हाका मारतायत. मीच म्हटलं, आजी, अजून तीन बाकी आहेत. त्या म्हणाल्या, एवढ्या जणांना मी कुठून ओळखू?

पैशाचं म्हणाल तर साडेआठशेचा सेट, चार्जिंगचा, एकदा भरला की माझ्या वापरात तीन दिवस जातो. आवाजाचं बटण पाचव्या महिन्यात सैल झालं, कागदाची घडी घालून बसवलं आहे. ज्यांना सेट नको त्यांना आकाशवाणीची केंद्रं ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर मिळतात, पण मग मोबाइल हातात आलाच.

आप्पांनाही दिवाळीत असाच सेट नेऊन दिला. तिथे ९६३ छान लागतं, शेतात तर माझ्यापेक्षा स्वच्छ, पण अकराचं एफएम पोचत नाही. म्हणून ज्या दिवशी कपाशीचा किंवा हरभऱ्याचा विषय असतो, त्या दिवशी मी त्यांना फोन लावून मोबाइल रेडिओपुढे ठेवते. ते तिकडे बांधावर बसून ऐकतात. मधेच मला विसर पडून पाय पेडलवर गेला की फोनमधून ओरडतात, ‘माय, ते मशीन बंद कर ना!’