पेंटॅक्स पॅपिलियो २ (६.५×२१) दुर्बीण: मोठे चतुर ओळखण्यासाठी

पक्ष्यांसाठीची ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण चतुरांवर धरली की साधारण दोन मीटरच्या आत चित्र पुसट होतं. पॅपिलियो ५० सेंटिमीटरवरही स्वच्छ दाखवते. एवढ्या जवळ साध्या दुर्बिणीत दोन डोळ्यांची चित्रं जुळत नाहीत. पॅपिलियोचं फोकसचं चाक फिरवलं की पुढची दोन्ही भिंगं एकमेकांकडे सरकतात आणि चित्र एकच राहतं. वजन २९० ग्रॅम. फक्त मोठे चतुर दुरून बघायचे असतील तर तुमची ८×४२ पुरे. शेपटीच्या टोकापर्यंत नीट बघायचं असेल, टाचण्याही (चतुरांसारखे पण बारीक, नाजूक किडे) बघायच्या असतील, तर हीच घ्या.

बसलेल्या चतुरावर हिला तोड नाही. बेळगावजवळच्या राकसकोपसारख्या जलाशयाच्या काठी सुक्या काटकीच्या टोकावर काळा-पिवळा मोठा चतुर दिसला तर रंगाआधी डोळे बघा. दोन डोळ्यांत फट आणि शेपटीच्या टोकाजवळ पानासारख्या पसरट झालरी असतील, तर तो इक्टिनोगॉम्फस रॅपॅक्स. डोळे डोक्यावर लांब रेघेत चिकटलेले असतील तर ॲनॅक्स (मोठ्या चतुरांचा एक गट) किंवा त्याचे भाऊबंद. मग छाती बघा. कणकुंबी-चोर्ल्याकडच्या डोंगरी ओढ्यांवर छातीच्या बाजूला दोन रुंद काळे पट्टे दिसले तर ॲनॅक्स इमॅक्युलिफ्रॉन्स. छाती सगळी हिरवी, शेपटीच्या बुडाशी निळा रंग, पुढे काळ्यावर नारिंगी-पिवळे ठिपके असा तळ्यावरचा चतुर बहुतेक ॲनॅक्स गटॅटस. 'बहुतेक' म्हणायचं कारण ॲनॅक्स इंडिकस अगदी तसाच दिसतो. कपाळावरची खूण आणि शेपटीच्या टोकाचे आकड्यांसारखे अवयव दिसल्याशिवाय वहीत नुसतं 'ॲनॅक्स' लिहावं.

अडचण अशी की ॲनॅक्स दिवसा बसतोच कमी. उडत्या चतुरामागे दुर्बीण फिरवू नका; चाक फिरवेपर्यंत तो गेलेला असतो. नर ठरावीक पट्ट्यातच फेऱ्या मारतो. दोन-तीन फेऱ्या नुसत्या डोळ्यांनी बघा, तो कुठे क्षणभर तरंगतो ते हेरा, तिथल्या लव्हाळ्यावर आधीच फोकस लावून थांबा. यासाठीच पॅपिलियोच्याच ८.५×२१ पेक्षा ६.५ बरी: ६.५ चं दृश्यक्षेत्र ७.५ अंश, ८.५ चं ६. खाली ट्रायपॉडचा आटा आहे, तो अशा वेळी फार कामी येतो.

संध्याकाळी मात्र हिचा उपयोग नाही. गायनाकँथासारखे चतुर दिवेलागणीला उडतात आणि २१ मिलिमीटरच्या भिंगातून तेव्हा नुसती काळी सावली दिसते. शिवाय ही जलरोधक नाही. जांबोटी-खानापूरच्या पावसात ती झिप लावायच्या पिशवीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा. भिंगावर आतून वाफ धरली तर उन्हात तापवू नका. त्याच पिशवीत कोरड्या खोलीत रात्रभर राहू द्या.