व्हर्च्युअलबॉक्समधील लिनक्स: साडेपाच महिन्यांनंतर, आणि ती फुगलेली फाइल

हा अनुभव मी आमच्या गावची जत्रा उरकल्यावर सवडीने लिहिणार होतो. परंतु माघात, जत्रेच्या नाटकाची संहिता टंकत असताना, दुसऱ्या अंकाच्या मध्यावर व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या आत चालणारा लिनक्सचा आभासी संगणक) जागच्या जागी थांबले आणि मूळ संगणकाची डिस्क भरल्यामुळे ते स्थगित केल्याची सूचना आली. त्याच सकाळी लिनक्सने आपल्याकडे २० जीबी जागा मोकळी असल्याचे दाखवले होते, म्हणून या दोघांपैकी खोटे कोण बोलतो आहे ते शोधण्यातच माझे तीन दिवस गेले.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता आणि माझ्या जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नव्हता. चालता लॅपटॉप टाकून नवा घेणे मला पटत नाही, आणि पत्नीचे हिशेबाचे काम विंडोजवरच चालत असल्याने तेही काढता येईना. म्हणून चतुर्थीनंतर व्हर्च्युअलबॉक्स हा आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम घेऊन त्यात लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवली. आठ जीबीपैकी तीन जीबी रॅम तिला दिली. खालच्या पट्टीत हिरवे कासव दिसत होते, ते हायपर-व्ही ही विंडोजची स्वतःची आभासी संगणकाची यंत्रणा चालू असल्याची खूण निघाले. ती बंद केल्यावर वेग सुधारला. गेस्ट अ‍ॅडिशन्स ही व्हर्च्युअलबॉक्सची पूरक साधने लिनक्समध्ये बसवल्यावर पडद्याचा आकार आणि दोन्ही बाजूंची कॉपी-पेस्ट हे प्रश्नही मिटले. देवनागरी टंकनाबद्दल तक्रार नाही. ‘कगप’ हा मराठी कळफलक आठवड्याभरात हाताला बसला.

आता त्या फाइलविषयी, म्हणजे लिनक्सची सगळी आभासी डिस्क विंडोजवर ज्या एका फाइलमध्ये साठवलेली असते तिच्याविषयी. डिस्क तयार करताना मी ४० जीबीची मर्यादा घालून ‘डायनॅमिक’ पर्याय निवडला होता, कारण लागेल तेवढीच जागा घेणारी सोय माझ्यासारख्या काटकसरी माणसाला आवडणारच. ती लागेल तशी वाढते हे खरे. मात्र आपणहून कधीच आटत नाही, हे मला उशिरा समजले. लिनक्समध्ये फाइल पुसली म्हणजे तिची जागा रिकामी झाल्याची नोंद लिनक्स स्वतःपुरती करते. व्हर्च्युअलबॉक्सला मात्र तिथे पूर्वी काहीतरी लिहिले गेले होते एवढेच ठाऊक असते. त्यामुळे लिनक्समध्ये १७ जीबी वापरात असताना विंडोजवरील फाइल ३० जीबीची झाली होती. मी कचरापेटीही रिकामी केली, तरी तिकडे एका बाइटचा फरक पडला नाही.

दिवाळीच्या सुमारास हे परीक्षण लिहिले असते, तर ‘स्नॅपशॉट’, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणे, ही या प्रणालीतील सर्वोत्तम सोय आहे असे मी ठासून सांगितले असते. प्रत्येक मोठ्या अपडेटपूर्वी एक स्नॅपशॉट घ्यायचा आणि काही बिघडले तर मागे फिरायचे, यात मला विम्याचे समाधान मिळत असे. ते मत आता मागे घ्यावे लागत आहे. स्नॅपशॉट घेतल्यानंतरचे सर्व बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात आणि तशा तीन फाइलींनी मिळून आणखी २२ जीबी व्यापले होते. म्हणजे ४० जीबीची म्हणून घेतलेली डिस्क प्रत्यक्षात ५२ जीबी खात होती, तीही २४० जीबीच्या एसएसडीवर, जिथे घरचे फोटो आणि पत्नीचे हिशेब आधीच दाटीने बसले आहेत.

म्हापशातील एका दुकानात लॅपटॉप नेला, तर तेथील तरुणाने काही न तपासताच नवी डिस्क घालण्याचा सल्ला दिला. नसलेल्या दोषावर पैसे घालवण्याची माझी तयारी नव्हती. घरी येऊन स्नॅपशॉट काढायला बसलो, तेव्हा कळले की ते मूळ फाइलमध्ये मिसळण्याच्या कामालाही तात्पुरती मोकळी जागा लागते. जागा करण्यासाठी आधी जागा हवी! शेवटी फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवले आणि तिन्ही स्नॅपशॉट काढले, तर मूळ फाइल ३४ जीबीवर गेली. मग लिनक्स रिकव्हरी मोडमध्ये सुरू करून ‘झीरोफ्री’ या साधनाने रिकामे भाग शून्यांनी भरले, मशीन बंद केले आणि विंडोजच्या बाजूने व्हीबॉक्समॅनेज या व्हर्च्युअलबॉक्सच्या साधनाची, शून्यांचे भाग गाळून फाइल आटवणारी ‘कॉम्पॅक्ट’ आज्ञा दिली. फाइल १८ जीबीवर आली तेव्हा मी पत्नीला मुद्दाम हाक मारून तो आकडा दाखवला. तिने फोटोंचे विचारले.

संहितेचे नुकसान झाले नव्हते. जागा होताच स्थगित मशीन पुन्हा चालू केल्यावर दुसरा अंक अर्ध्या वाक्यावर जसाच्या तसा उभा होता. डिस्क भरल्यावर आंधळेपणाने लिहीत न राहता थांबणे, हा व्हर्च्युअलबॉक्सचा गुण मान्य करायलाच हवा. नवख्याने डायनॅमिक डिस्क अवश्य घ्यावी, परंतु तिची मर्यादा २५ जीबीच्या आसपास ठेवावी आणि एकाच वेळी एकाहून अधिक स्नॅपशॉट बाळगू नयेत. मी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फाइलचा आकार वहीत टिपून ठेवतो. आजची नोंद १९ जीबी आहे.