हौद्यातली पेटी की पाठीवरची सॅक?

घरी डबल केबिन पिकअप आहे, पावसाळ्यात घाटात किंवा गडांच्या पायथ्याशी वरचेवर जाणं होतं, आणि अडचणीच्या वेळी गाडीत काहीतरी तयारी असावी असं वाटतं. अशा माणसाला दोन पद्धती सुचतात. एक, हौद्यात पक्की पेटी बसवून सगळं सामान तिच्यात ठेवायचं. दुसरी, सॅक भरून केबिनमध्ये ठेवायची आणि हौद्यात फक्त अवजारं न्यायची. मी दोन्ही करून पाहिलं आहे. आमचं गाव सातारा जिल्ह्यात घाटमाथ्यालगत. गाडी मुळात शेतीकामाची. कोणी ट्रेकर वाट चुकला, एखादी गाडी दरीत गेली, दरड आली की आमच्या गटातल्या मुलांना फोन येतो. त्या अनुभवावरून लिहितोय. स्टेपनी, जॅक, हवेचा पंप तुमच्याकडे असणारच, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

पेटीचं मोठं सुख हे की काही मागे राहत नाही. रात्री फोन आला, गाडीत बसलात, निघालात. सामान सोबत आहेच. शिवाय काही वस्तूंना हौद्याशिवाय जागाच नाही. पहार, फावडं, घमेलं, कोयता, मोठी करवत, टोचनचा पट्टा, तो अडकवायची शॅकल म्हणजे लोखंडी कडी, पिण्याच्या पाण्याचे कॅन, जादा ताडपत्री हे काही पाठीवर न्यायचं सामान नव्हे. घाटात झाड आडवं पडलं की कोयता आणि करवतच लागते, आणि चिखलात रुतलेली जीप ओढायला पट्टाच. फॅब्रिकेटरकडून मापात करून घेतलेली पत्र्याची पेटी, खाली लाकडी ठोकळे, कडेला अँगल, एवढं नीट केलं तर ती वर्षानुवर्षं टिकते. वळणावर सामान आपटत नाही. कुलूप असल्याने बाजाराच्या गावी गाडी उभी करून निर्धास्त जाता येतं. हे सगळं मला अजूनही पटतं.

तरी दरडीच्या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात असं वाटतं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. तिथे रस्ता होता, एसटी जात होती. गाव जागेवर नाही हे लक्षात आलं तेही एसटीच्या चालकाच्या. त्यामुळे तिथे यंत्रं पोचवता आली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. मदतीला गेलेली माणसं पायवाटेने, पावसात चढून वर पोचली, आणि जेसीबी वर नेता येत नसल्याने माती हातांनी उपसावी लागली. या दोन्हींच्या मधलं उदाहरण २२ जुलै २०२१ चं. त्या वेळी महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली. तिथे जायला रस्ता होता, पण वाटेत पुराचं पाणी आणि दरडी असल्याने मदत पोचायला उशीर झाला. सह्याद्रीत गाडी कुठवर जाणार हे पावसाळा ठरवतो. पुढचं अंतर पायी, आणि जे पाठीवर आहे तेवढंच सोबत.

माझा निर्णय मात्र या मोठ्या घटनांवरून झाला नाही. तो झाला एका त्रासावरून, जो गाडी अंगणात उभी असताना अजिबात जाणवत नाही. पेटी वरून उघडते. तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीला दोरी. गाडी दरडीपाशी येऊन थांबली आहे, पाऊस कोसळतोय, अंधार आहे. आता आधी ओल्या गाठी सोडायच्या, आणि भिजून फुगलेली गाठ गारठलेल्या बोटांनी सुटत नाही. ताडपत्री उलटली की तिच्यावर साचलेलं पाणी थेट हौद्यात येतं. एकाने ती धरून ठेवायची, दुसऱ्याने फाळका पाडून वर चढायचं, कुलूप काढायचं, झाकण उचलायचं, आणि झाकण उघडं असेपर्यंत पेटीत पाऊस.

एवढं झालं तरी खरा त्रास पुढेच आहे. पेटीत सामान सुटं असतं. प्रथमोपचाराचा डबा एका कोपऱ्यात, हेडटॉर्च दुसरीकडे, दोर जड म्हणून तळाशी, त्याच्यावर घोंगड्या. हे सगळं रस्त्यात उभं राहून, वरून दगड येतायत का याकडे एक डोळा ठेवून, रिकाम्या सॅकमध्ये भरायचं. अशा वेळी जे हाताला आधी लागेल ते आधी आत जातं. जड वस्तू बाहेरच्या बाजूला राहते आणि चढावर सॅक मागे ओढते. बँडेज तळाशी जातं आणि जखमी माणसापाशी पोचल्यावर चिखलात सगळी सॅक उपसावी लागते. एखादी वस्तू तर पेटीत राहूनच जाते, आणि ते कळतं ती लागते तेव्हा. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण पेटीच्या दिवसांत गाडी थांबल्यापासून पाऊल उचलेपर्यंत आमचा बराच वेळ जायचा. सॅकवाले सोबती तोवर वाटेला लागलेले असायचे, आणि त्यांच्या टॉर्चचे उजेड वर चढताना दिसायचे. सॅकमध्ये हा टप्पाच नाही. दार उघडलं, सॅक पाठीवर घेतली, कमरेचा पट्टा आवळला, निघाले.

कोणी म्हणेल, बाजूने उघडणारी पेटी करा, किंवा ताडपत्रीऐवजी कॅनॉपी म्हणजे हौद्यावरचं पक्कं छत बसवा. दोन्हींनी भिजण्याचा त्रास पुष्कळ कमी होतो, हे मान्य. कॅनॉपी लावली की भाजीचे क्रेट उंच रचता येत नाहीत, आणि ती बसवण्याआधी आरटीओत विचारून घेतलेलं बरं, पण ज्याच्या गाडीला शेतमाल वाहायचा नाही त्याला ती सोयीचीच आहे. सामान सॅकमध्ये हलवण्याचं काम मात्र तिने टळत नाही. मग भरलेली सॅकच पेटीत ठेवली तर? तडजोड वाईट नाही. मी तीही केली नाही, त्याचं कारण दोर.

शेतीच्या गाडीचा हौदा स्वच्छ राहत नाही. युरियाची पोती, फवारणीची औषधं, डिझेलचा कॅन, ट्रॅक्टरची बॅटरी, सगळं तिथूनच जातं. नायलॉनच्या दोराला बॅटरीच्या ॲसिडने इजा होते, आणि ती बाहेरून दिसेलच असं नाही. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली, तेव्हा ट्रेकर मंडळी दोर लावूनच खाली उतरली होती. ज्या दोरावर माणसाचा जीव टांगायचा, तो खताच्या आणि बॅटरीच्या शेजारी ठेवायला मी तयार नाही. दोर त्याच्या पिशवीत, पिशवी केबिनमध्ये. टोचनचा पट्टा वेगळा, तो हौद्यात. गाडी ओढायला एकदा जरी वापरला तरी तो दोर माणसासाठी बाद धरायचा, याबाबत आमच्या गटात कोणाचंही दुमत नाही.

उन्हाळ्याचाही विचार करा. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याची पेटी तापते, बंद केबिनही तापते. पॉवर बँक, गोळ्या, मलमं, चिकटपट्ट्या यांना ती उष्णता मानवत नाही. सॅक घरात नेता येते, बोल्टने बसवलेली पेटी नेता येत नाही. घरी असताना आमची सॅक दाराजवळच्या खुंटीला असते आणि गाडीची चावी त्याच खुंटीला. चावी घ्यायला हात गेला की सॅक हाताला लागतेच, त्यामुळे काही न विसरण्याचा पेटीचा फायदा बराचसा इकडेही मिळतो.

सॅकचे तोटे आहेतच. पहिला म्हणजे तिच्यातलं सामान घरात वापरलं जातं. हेडटॉर्च गोठ्यात जाते, सुरी स्वयंपाकघरात जाते. यावर उपाय म्हणून ट्रेकची सॅक पूर्ण वेगळी ठेवावी आणि या सॅकच्या चेनची दोन टोकं प्लॅस्टिकच्या पातळ केबल टायने बांधून टाकावीत. टाय तुटलेली दिसली की सॅक उघडून तपासायची. दुसरा तोटा वजनाचा. साठ-सत्तर लिटरची सॅक घेतली की ती भरतेच, आणि मग चढावर दम काढते. माझ्या मते ४० ते ५० लिटर पुरे. दोघं जात असाल तर एकाकडे दोर आणि हार्नेस (दोराला लटकताना अंगाला बांधायचे पट्टे), दुसऱ्याकडे प्रथमोपचार आणि ऊब, अशी वाटणी करावी. तिसरा तोटा पाण्याचा. रेनकव्हर वाऱ्याने उडतं आणि पाठीच्या बाजूने पाणी आत शिरतंच. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधलं तर रेनकव्हर नसलं तरी चालतं.

सॅकमध्ये काय असावं याच्या लांबलचक याद्या फिरत असतात. आपल्या पावसासाठी मी दोन गोष्टींवर भर देईन. पहिली ऊब. भिजलेला, वारा लागलेला, जागचा न हललेला माणूस जुलैतही धोकादायक गारठतो. एक कोरडा जाड शर्ट, फॉइलचं ब्लँकेट आणि कॅरीमॅटचा तुकडा हवाच. तो तुकडा अंगाखाली घालता येतो, आणि मोडलेल्या हाताला गुंडाळून आधारही देता येतो. दुसरी गोष्ट रुंद क्रेप बँडेज, निदान तीन-चार. रानात घोणस, फुरसं असतंच. सर्पदंश झाला तर जखम कापणं, चोखणं, दोरीने आवळणं यातलं काहीही करायचं नाही. हात किंवा पाय हलणार नाही असा आधार देऊन बांधायचा, माणसाला चालू द्यायचं नाही, आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात लवकरात लवकर पोचवायचं. बाकी ओआरएस, चिक्की, शिट्टी, जादा सेल हे तुम्हाला ठाऊकच आहे. सेल हेडटॉर्चमध्ये घालून ठेवू नका; महिनोन्‌महिने पडून राहिले की पाझरतात आणि टॉर्च बिघडवतात.

परदेशी याद्यांमध्ये उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र हटकून असतं. ते बघून मागवू नका. आपल्याकडे उपग्रह फोन आणि तशी संदेशयंत्रं सरकारी परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे आणि त्यावरून लोकांवर कारवाई झालेली आहे. दरीत मोबाइलला रेंज नसते हे धरूनच चालायचं. दोघांपैकी एकाने रेंज असलेल्या वळणापर्यंत मागे यायचं, ते वळण जातानाच लक्षात ठेवायचं. ११२, १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे क्रमांक कागदावर लिहून तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावा, कारण फोन भिजला की त्यातले नंबरही गेले.

हे सगळं घाटमाथ्याचं झालं. तुम्ही शिरोळ किंवा पलूसकडे राहत असाल तर मी इतक्या ठामपणे सॅक घ्या म्हणणार नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठी २०१९ च्या ऑगस्टमध्ये जे झालं, तसा पूर आला तर गाडी पाण्याच्या कडेपर्यंत जाते आणि तिथेच तळ ठोकून उभी राहते. तिथे लाइफ जॅकेटं, पिण्याचं पाणी, ताडपत्र्या, कोरडे कपडे अशा मोठ्या आकाराच्या वस्तू लागतात आणि त्या एकदा नाही, दिवसभर काढाव्या लागतात. त्या कामाला मोठी, बाजूने उघडणारी पेटीच बरी. गाडी दिवसभर फाळका पाडून एका जागी उभी असेल तर सॅकची चपळाई तिथे फारशी कामी येत नाही.

दोन्ही करायला हरकत नाही, पण पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर घाटाकडच्या माणसाने ते चांगल्या सॅकवर आणि दोरावर घालावेत असं मी सुचवेन. अवजारांसाठी जुनं पोतं आणि दोन पट्टे पुरतात. पेटी आधीच करून घेतली असेल तर ती काढू नका. तिच्यात फावडं, पहार, कोयता आणि टोचनचा पट्टा राहू द्या. अंगावर घ्यायचं, जखमेवर लावायचं आणि ज्यावर लटकायचं ते सगळं केबिनमध्ये आणा. मागच्या सीटवर सॅक नुसती टाकू नका, खांद्याच्या पट्ट्यांतून सीटबेल्ट ओवून तो लावा. पसरणी घाटाच्या वळणांवर करकचून ब्रेक लागला तर भरलेली सॅक पुढे बसलेल्याच्या मानेवर येऊ शकते. आणि ती ड्रायव्हरच्या मागे न ठेवता डाव्या दाराशी ठेवा, म्हणजे अरुंद घाटात रहदारीच्या बाजूला न उतरता सोबत्याला ती बाहेर ओढता येईल.